चौसष्ट आणि सहासष्ट

पक्केराव हे त्यांचं आडनाव नव्हतं. कामावरच्या लोकांनी दिलेलं ते नाव होतं. कुठलंही माप घेतलं की ते टेप खटकन मिटायचे आणि म्हणायचे, “पक्कं.” स्क्रू आवळला की पक्कं. वायरचा जोड तपासला की पक्कं. बायकोने आमटीत मीठ बरोबर आहे का असं विचारलं तरी पक्कं. तीस वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं आणि त्या तीस वर्षांत गवंड्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांना सांगायला शिकले होते की पक्केरावांनी माप दिलं असेल तर पुन्हा मोजत बसू नका.

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ काचेचं काम करायचा. घरात त्याला बारक्या म्हणत. तो दारातून आत शिरला की दार भरून जायचं, इतका तो आडवा होता, पण लहानपणी पडलेलं नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही. पक्केरावांनीच त्याला एका जुन्या काचवाल्याच्या हाताखाली लावून दिलं होतं आणि काही वर्षांत त्याने स्वतःचा छोटा कारखाना टाकला होता. आरशाला भोक पाडण्यात तर त्याचा हात कोणी धरू शकत नसे. एवढा अवजड माणूस, पण यंत्र हातात आलं की त्याची बोटं अशी हलकी होत की बघणाऱ्याचा श्वास अडकावा आणि काचेला मात्र पत्ताही लागू नये.

आठ वर्षांपूर्वी दोघं एका नव्या हॉटेलच्या बांधकामावर एकाच ठेकेदाराकडे होते. तळमजल्यावर हात धुण्याची मोठी जागा होती. तिथे भिंतभर एकच आरसा लागायचा होता आणि त्या आरशातूनच पाच दिवे बाहेर यायचे होते.

हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं. दिव्याचा भार आरशावर टाकता येत नाही. काचच ती, कधी तडकेल याचा नेम नाही. म्हणून आधी भिंतीत लोखंडी बॉक्स बसवायचे आणि वायर तिथवर आणून ठेवायची. मग काचवाल्याने आरशाला बरोबर त्याच जागी गोल भोकं पाडायची. आरसा भिंतीला लागला की प्रत्येक भोकात एकेका बॉक्सचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणजे दिवा आरशाच्या पुढे आणि भार मात्र भिंतीवर. बॉक्स वायरमनचा, भोक काचवाल्याचं. बॉक्स एकदा सिमेंटमध्ये बसला की हलत नाही आणि भोक एकदा पडलं की बुजत नाही. दोघांच्या मधे असतो तो नुसता एक आकडा.

पक्केरावांनी तो आकडा फोनवर सांगितला. त्यांच्या मागे फरशी कापायचं यंत्र किंचाळत होतं. बारक्याने तो वहीत लिहून घेतला आणि विचारलं की हे तयार फरशीपासूनचंच माप ना, दाजी. पक्केराव म्हणाले, पक्कं.

आरसा सहा माणसांनी उचलून आणला. तो भिंतीला टेकवला तेव्हा प्रत्येक भोकातून बॉक्सची वरची कड तेवढी दिसली, चंद्रकोरीसारखी. पाचही ठिकाणी तेच. बॉक्स दोन इंच खाली होते.

ठेकेदार तिथेच उभा होता. फरशीवाले, रंगारी, नळवाले सगळे काम थांबवून बघायला लागले. पक्केरावांनी टेप काढून फरशीपासून बॉक्सच्या मध्यापर्यंत मोजलं. चौसष्ट इंच. बारक्याने वही उघडून दाखवली. वहीत सहासष्ट लिहिलेलं होतं.

“मी चौसष्टच सांगितलं होतं,” पक्केराव म्हणाले. “पक्कं.”

त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते. बॉक्स चौसष्टवर आहेत तर आपण दुसरं काही कसं सांगू, असंच त्यांना मनापासून वाटलं. ठेकेदाराने मग बारक्याला सगळ्यांसमोर असं काही फैलावर घेतलं की नळवाल्यांनीही माना वळवल्या. ऐकायला येत नसेल तर घरी बस, हे त्यातल्या त्यात मऊ वाक्य. बारक्याने एकदा वहीकडे आणि एकदा दाजींकडे पाहिलं. मग तो म्हणाला की यंत्राच्या आवाजात आपल्याच कानाची गफलत झाली असेल, आणि खाली मान घालून आरसा परत न्यायच्या तयारीला लागला.

त्या संध्याकाळी घरी शर्ट बदलताना पक्केरावांच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा पडला. स्विचच्या खोक्याचं झाकण होतं ते. त्यावर त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: बॉक्स मध्य, ६६. आणि त्यांना सगळं लख्ख आठवलं. बॉक्स बसवले तेव्हा तिथे फरशी नव्हती, नुसता कच्चा कोबा होता. कोब्यापासून सहासष्ट. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून जमीन दोन इंचांनी वर येणार होती, तेव्हा ती बसल्यावर पुन्हा मोजायचं असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते राहून गेलं होतं. फोनवर त्यांनी या पुठ्ठ्यावरचाच आकडा वाचला होता. बारक्याने बरोबर ऐकलं होतं आणि बरोबर लिहिलं होतं.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्याच दारात उभा राहिला. सगळ्यांसमोर तुम्हाला माझ्यामुळे खाली बघावं लागलं, दाजी, असं म्हणून त्याने त्यांची माफी मागितली. पक्केरावांनी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, “जाऊ दे रे. होतं असं.”

सांगायची खरी वेळ तीच होती आणि ती हातची गेली. नंतर प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. आधी नुसती चूक कबूल करायची होती. मग गप्प राहिल्याचं कबूल करायचं आलं. मग महिनाभर गप्प राहिल्याचं. आणि मग वर्षांचं.

भांडण झालं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. बारक्या मात्र पूर्वीसारखाच येत राहिला. बहिणीशी गप्पा मारायचा, भाचीची थट्टा करायचा आणि दाजींशी नेहमीच्याच अदबीने बोलायचा. तो आला की पक्केरावांना हटकून फ्यूज तपासायची आठवण व्हायची. त्या घरातल्या फ्यूजइतकी तपासणी कुठल्या वीजकेंद्राचीही झाली नसेल. ठेकेदाराने बारक्याला बोलावणं बंद केलं होतं, पण त्याला खिडक्यांच्या काचांचं काम भरपूर मिळत होतं. माणसाचं चांगलं चाललंय, असं पक्केराव स्वतःला समजावत. आणि ते खरंच वाटावं इतकं त्याचं चांगलं चाललंही होतं.

मग त्यांच्या लेकीने स्वतःचं पार्लर काढायचं ठरवलं.

सात वर्षं तिने दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये केस कापले होते. आता रस्त्यालगतची एक लांबट खोली तिने भाड्याने घेतली होती. तीन खुर्च्या मावतील एवढी ती होती. कुठल्या गोष्टीवर तडजोड करायची आणि कुठल्यावर नाही, हे तिचं आधीच ठरलेलं होतं. खुर्च्या जुन्या चालतील, पडदे आईने शिवले तरी चालतील, पण आरसा एकसंध हवा आणि दिवे आरशातच हवेत, दर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर. वरून दिवा आला की डोळ्यांखाली सावली पडते आणि बाई खुर्चीत बसल्या बसल्या पाच वर्षांनी म्हातारी दिसते, असं तिचं म्हणणं होतं. आपण केस कितीही छान कापले तरी ती स्वतःला बघून खट्टूच होणार. तीन खुर्च्या, म्हणजे चार दिवे. दिवे बाबांनी लावायचे आणि आरसा मामाने, हे तिने कोणाला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

बारक्या खोली बघायला आला. पक्केराव त्या वेळी शिडीवर चढून जुनी वायर ओढून काढत होते. नऊ फुटी आरसा आपण एक नंबरचा आणून देऊ, असं बारक्या भाचीला म्हणाला, पण भोकं पाडायला दुसरा माणूस बघ. भाचीला वाटलं, मामा भाव खातोय. ती त्याच्या मागेच लागली. तेव्हा बारक्याने हसत हसत, दुसऱ्या कोणाची तरी गंमत सांगावी तशी, हॉटेलच्या आरशाची गोष्ट सांगितली. चौसष्टचे आपण सहासष्ट कसे ऐकले, सहा माणसांनी तो आरसा कसा आणला आणि कसा परत नेला.

“त्या दिवसापासून मी आरशाला ड्रिल लावलेलं नाही,” तो म्हणाला. “सरळ काच कापायची, खिडकीत बसवायची. मोजायला गेलो तर चार-चार वेळा मोजतो आणि तरी वाटतं, चुकलंच असणार. माझा माझ्यावर भरवसाच उरला नाही गं.”

शिडीवर पक्केरावांचा हात थांबला. बारक्याने खिडक्यांचं काम धरलं ते बरं मिळतं म्हणून, असंच ते आजवर समजत होते. तसं समजणं सोयीचं होतं. तेव्हाही त्यांनी खरं सांगितलं नाही. बघू कोणीतरी बाहेरचा, एवढंच म्हणाले आणि वायर ओढायला लागले. वायर निघाली, प्लास्टरचा पोपडा त्यांच्या डोळ्यात गेला आणि खाली उतरून ते बराच वेळ डोळा धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको कपड्यांच्या घड्या करत बसली होती. पक्केराव तिच्यासमोर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, पुठ्ठ्याच्या तुकड्यासकट. ती घड्या करत ऐकत होती. मधेच तिचे हात थांबले.

“त्या वर्षी मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं, आठवतंय?” ती म्हणाली.

त्यांना आठवत होतं. सर्दीने कानाला दडे बसले असतील, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

“ताई, मला ऐकायला कमी येतंय का गं, असं विचारायचा सारखा. डॉक्टरने दोन-दोनदा तपासलं. कान अगदी ठणठणीत निघाले. तर तो बाहेर येऊन म्हणाला, म्हणजे माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलं असणार.” तिने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. “मला कशाला सांगताय हे? त्याच्याकडे जा.”

बारक्याचा कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब शेड होती. दोन्ही भिंतींना काचा टेकवून ठेवलेल्या असत, त्यामुळे आत शिरणारा माणूस डावी-उजवीकडून स्वतःलाच येताना दिसे. पक्केराव पोचले तेव्हा बारक्या मधल्या टेबलावर खिडकीची काच कापत होता. त्याने नेहमीसारखं स्टूल पुढे सरकवलं. पक्केराव बसले नाहीत.

“त्या हॉटेलच्या आरशाचं सांगायचंय,” ते म्हणाले. “तू बरोबर ऐकलं होतंस. मीच सहासष्ट सांगितलं.”

बारक्याचा हात काचेवर तसाच राहिला. “कधी कळलं तुम्हाला?”

“त्याच दिवशी. संध्याकाळी.”

“म्हणजे दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला आलो होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

वाटेत पक्केरावांनी पुढची वाक्यं जुळवून ठेवली होती. लाज वाटली, हिंमत झाली नाही, रोज उद्यावर ढकललं. त्यातलं एकही त्यांच्या तोंडातून फुटलं नाही. कारण ती सगळी खरी असूनही, सांगायला गेलं तर ती बारक्याकडून काहीतरी मागितल्यासारखीच वाटली असती.

“दाजी, तुम्ही आता जा,” बारक्या म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्याने अर्धी कापलेली काच उचलून भिंतीशी ठेवली आणि पाठ फिरवली.

चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. बहिणीचा फोनही त्याने उचलला नाही. लेकीला आईकडून सगळं कळलं. ती वडिलांवर चिडली नाही, आणि तेच पक्केरावांना जास्त लागलं. ती पार्लरमध्ये आली, वायरसाठी भिंतीत झिरी पाडत बसलेल्या वडिलांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली की मामा येत नाही तोवर आरसा लागणार नाही. सहा महिने लागले तरी चालतील, तोवर ती बायकांच्या हातात हातआरसे देईल. मग झाडू घेऊन तिने खाली पडलेला चुरा गोळा केला आणि ती निघून गेली.

पक्केराव आपलं काम करत राहिले. झिऱ्यांमधून पाइप नेले, चार गोल बॉक्स बसवले. बॉक्स भिंतीच्या बरोबरीने ठेवून भागणार नव्हतं. आरशाच्या मागे प्लायवूड लागणार होतं आणि वर आरशाची जाडी, म्हणून बॉक्सचं तोंड भिंतीबाहेर तेवढंच काढायला हवं होतं. आत राहिलं तर वायर आणि लाकूड यांच्यामधे उघडी फट राहते आणि एखादी ठिणगी पडली तर आग आतल्या आत धुमसते. जास्त बाहेर आलं तर दिव्याची पितळी बैठक आरशाला टेकत नाही. त्यांनी प्लायवूडचा आणि काचेचा एकेक तुकडा आणून बॉक्सच्या कडेला लावला आणि तोंड दोन्हींच्या मिळून जाडीला येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिलं. खोलीची फरशी जुनीच होती, ती काही वर येणार नव्हती. तरी त्यांनी तीनदा मोजलं. टेप मिटताना तो नेहमीचा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला.

पाचव्या दिवशी सकाळी बारक्या आला. हातात स्वतःचा टेप, काखेत पुठ्ठ्याची मोठी गुंडाळी. त्याने पक्केरावांकडे न बघता चारही बॉक्स मोजले, खालून मोजले, बाजूच्या भिंतीपासून मोजले, एकमेकांमधलं अंतर मोजलं. मग पुठ्ठा भिंतीवर पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने डकवल्या, बोटांनी चाचपून बॉक्सच्या कडा शोधल्या आणि पेन्सिलीने गोल काढले. काम संपल्यावर तो वळला.

“आकडे नकोत मला आता कोणाचे,” तो म्हणाला. “भिंतच घेऊन चाललोय. पण ड्रिल लावायच्या आधी तुमच्याकडून एक काम हवंय. त्या दिवशी तिथे जेवढे होते ना, त्यांना जाऊन सांगा.”

“सगळ्यांना?”

“सापडतील तेवढ्यांना. ठेकेदाराला तरी नक्की.”

पक्केराव दोन दिवस त्यासाठी फिरले. रंगाऱ्यांपैकी एक जण वारला होता आणि दुसरा मुलाकडे परगावी गेला होता. नळवाल्यांना ते एका इमारतीच्या तळघरात गाठू शकले. त्यांनी ऐकून घेतलं. थोरला नळवाला म्हणाला की आम्हाला तेव्हाच वाटलं होतं, पण पक्केरावांचं माप चुकलं असं म्हणणार कोण? फरशीवाला तर हसायलाच लागला. तुम्ही चुकू शकता हे कळून फार बरं वाटलं, असं म्हणून त्याने त्यांना चहा पाजला. पक्केरावांनी तो उभ्यानेच संपवला.

ठेकेदार म्हातारा झाला होता. धंदा मुलाच्या हाती सोपवून तो घराच्या गच्चीत कुंड्यांची देखभाल करायचा. पक्केराव त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हॉटेल, आरसा, चौसष्ट, सहासष्ट, सगळं क्रमाने सांगितलं. म्हाताऱ्याने झारी खाली ठेवली आणि कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला.

“कुठला आरसा?” त्याने विचारलं.

पक्केरावांनी पुन्हा सांगितलं. त्याला हॉटेल आठवलं, तिथला लिफ्टचा घोळ आठवला, पण आरसा काही आठवेना. आयुष्यभर किती लोकांना ओरडलो, त्याचा हिशेब कोण ठेवतो, असं तो म्हणाला. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि त्याने विचारलं, “तो आडदांड काचवाला का? त्याचा हात फार छान होता. नंतर दिसलाच नाही कुठे. काम सोडलं का त्याने?”

गच्चीचा जिना उतरताना पक्केराव मधल्या पायरीवर बसले. एका माणसाने आठ वर्षं जे ओझं वाहिलं, ते ज्याने पाठीवर टाकलं त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. ठेकेदार विसरला होता, बाकीच्यांनी गप्प राहून बघितलं होतं. सगळं जाणून, सगळं आठवत गप्प बसलेला माणूस एकच होता. आजवर दोष निम्मा ठेकेदाराच्या तोंडाळपणाचा आहे, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. तो निम्माही आता त्यांच्याकडे परत आला.

त्यांनी हे सगळं बारक्याला जसंच्या तसं सांगितलं. ठेकेदाराने काय विचारलं तेही. बारक्या ऐकत राहिला. आपल्या बोलण्याने एक काचवाला मोडला हे त्या म्हाताऱ्याच्या गावीही नाही, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर राग यावा अशी पक्केरावांची अपेक्षा होती. पण तो नुसता खुर्चीत मागे रेलून बसला, खूप चालून आल्यासारखा.

“उद्या सकाळी या,” शेवटी तो म्हणाला. “पाणी धरायला माणूस लागतो.”

काचेला भोक पाडताना यंत्राच्या टोकाला हिऱ्याची कणी लावलेली गोल नळी असते आणि सगळा वेळ तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडावी लागते. धार तुटली की काच तापते, आणि तापली की तडकते. अर्धं भोक मागच्या बाजूने पाडायचं, मग आरसा उलटवून उरलेलं पुढच्या बाजूने, म्हणजे कडेचा कपचा उडत नाही. बारक्याने आधी टाकाऊ आरशाचे तुकडे टेबलावर मांडले. पक्केरावांनी बाटलीतून पाणी सोडायला सुरुवात केली. पहिला तुकडा अर्ध्यातच तडकला. दुसराही. बारक्याने फुटलेले तुकडे एका कडेला सारले. पक्केरावांनी बाटलीवरून नजर हलवली नाही. धीर द्यावा असं त्यांना वाटलं, पण तो द्यायचा आपला हक्क नाही हे समजून ते पाण्याची धार तेवढी धरत राहिले.

तिसऱ्या तुकड्याच्या वेळी बारक्याने यंत्र खाली ठेवलं, हात पुसले आणि डोळे मिटून काही वेळ उभा राहिला. मग त्याने यंत्र उचललं. आवाज बदलला. आधी करकर येत होती, आता एकसारखी घुरघुर यायला लागली. काचेची गोल चकती अलगद सुटून टेबलावर पडली. बारक्याने तुकडा उजेडाकडे धरून कड पाहिली. चौथ्या, पाचव्या, सहाव्या तुकड्यालाही त्याने गरज नसताना भोक पाडलं. पक्केरावांची बाटली चारदा भरून झाली होती.

मोठा आरसा टेबलावर आला तेव्हा दुपार झाली होती. पहिलं भोक पडलं, दुसरं पडलं. तिसऱ्याला आरसा उलटवून पुढच्या बाजूने पाडताना नखाएवढा कपचा उडाला. बारक्याने दिव्याची बैठक त्यावर ठेवून बघितली.

“झाकेल,” तो म्हणाला.

“दोन सूत, म्हणजे पाव इंच राखून झाकेल,” पक्केराव म्हणाले, आणि दोघांनी एकाच वेळी टेप पुढे केले. बारक्याला हसू आलं, पण त्याने ते लगेच आवरलं. चौथं भोक तिन्हींपेक्षा स्वच्छ पडलं.

दुसऱ्या दिवशी पाच जणांनी आरसा पार्लरमध्ये नेला. लेक दाराशी हात घट्ट बांधून उभी होती. खाली लाकडी पट्टीवर आरसा टेकला, मग वरून हळूहळू भिंतीकडे गेला. चारही भोकांत चारही बॉक्स आले. बारक्याने प्रत्येक भोकात बोट घालून बॉक्सच्या कडेभोवती फिरवलं. मग तो बाजूला झाला आणि पक्केराव पुढे आले. त्यांनी वायरी जोडल्या, रबराच्या चकत्या घातल्या, दिव्यांच्या बैठका बसवल्या. स्क्रू शेवटच्या फेऱ्याला त्यांनी हाताने, अगदी हलके फिरवले. इथे जोर लावला तर सगळंच मुसळ केरात.

लेकीने बटण दाबलं. ती मधल्या खुर्चीत जाऊन बसली आणि स्वतःचा चेहरा इकडून तिकडून वळवून बघायला लागली. सावली कुठेच नव्हती. तिने आईला बोलावून शेजारच्या खुर्चीत बसवलं. आई म्हणाली की एवढा उजेड काही बरा नाही, माझे सगळे पांढरे केस दिसताहेत. लेक म्हणाली, तेच तर मला पाहिजे, रंगवायला येशील ना.

पार्लर त्या आठवड्यात उघडलं. वर्षभरात तिथल्या आरशाकडे बघून बारक्याकडे तशाच कामांची विचारणा व्हायला लागली. दागिन्यांचं एक दुकान, एक व्यायामशाळा, एक डॉक्टरीणबाई. तो आता भोकं पाडतो. पुठ्ठ्याशिवाय पाडत नाही, हा त्याचा नियम, आणि कोणी फोनवर माप सांगायला लागलं तर तो सरळ नाही म्हणतो.

बहिणीकडे तो पूर्वीपेक्षा कमी येतो. पहिले काही महिने तर आलाच नाही. बहीणच त्याच्याकडे जात असे. पक्केरावांनी त्यावर काही म्हटलं नाही. आठ वर्षांपूर्वी बारक्या दारात येऊन माफी मागून गेला होता. तू मला माफ केलंस का, असं त्यांनी बारक्याला कधी विचारलं नाही आणि बारक्यानेही आपणहून उत्तर दिलं नाही.

आता कधीमधी एखाद्या कामावर दोघं एकत्र येतात. बारक्या अजूनही त्यांना दाजी म्हणतो, पण त्यांचं ऐकून घेत नाही. मागच्या महिन्यात एका दवाखान्यात डावीकडचा बॉक्स एक सूत आत आहे असं तो सगळ्यांसमोर ठासून म्हणाला. पक्केराव म्हणाले, बॉक्स बरोबर बसलाय. बारक्या म्हणाला, नाही. दोघांचा आवाज चढला. गवंडी, सुतार, डॉक्टरीणबाई सगळे बघत राहिले. शेवटी पक्केरावांनी चष्मा पुसला, गुडघ्यांवर हात देऊन खाली बसले आणि पुन्हा मोजलं.

एक सूत आत होता. त्यांनी तो बाहेर काढला.